मडकं काढून घेणारे चाचा

गेल्या दसऱ्याला शेजाऱ्यांच्या पिंजऱ्यात बजी पोपटाच्या एका कोवळ्या मादीवर अन्याय झाला. दुकानदाराने नर म्हणून तिला दुसऱ्या मादीसोबत विकलं, वर घरट्याचं मडकंही दिलं. मडक्यासाठी दोघी भांडल्या आणि ही मेली.

शाहूपुरीतले पाखरंवाले चाचा असते तर हे घडलं नसतं. ते पिल्लू उजेडात धरायचे. "नाकपुडीभोवती पांढरं हाय, पावणं. नराचं नाक सगळं गुलाबी असतंय. ही मादीच की." तरीही त्याच दोन माद्या हव्यात म्हणून गिऱ्हाईक हटून बसलं, तर त्याच्या हातातलं मडकं काढून घ्यायचे. "दोघींत मडकं टांगून कुस्ती बघायची हाय व्हय?"

चाचांचं दुकान आता बंद आहे. तिथून जाताना अजून माझी सायकल हळू होते.

तुमच्याकडे दोन माद्यांत एक मडकं टांगलेलं असेल, तर वाचणं थांबवा आणि आधी ते काढा.