बेनेने अंगावर घेतलेला बोल

आमच्या लामालेरा गावात दर्यात बुडालेल्याचं प्रेत सापडलं नाही, तर त्याच्या जागी एक शंख पुरतात. गोरिसच्या जागीही शंखच पुरला.

गोरिस भालाईत. होडीच्या टोकावरून भाल्यासकट देवमाशावर उडी घ्यायची, हे त्याचं काम. त्या दिवशी भाला नेमका बसला, पण दोराचा वेढा पायात पडला आणि मासा त्याला खाली घेऊन गेला. सोबती दिवस मावळेस्तोवर शोधत राहिले.

असं मरण आम्ही दर्याच्या माथी मारत नाही. भालाईताच्या घरात भांडण झालं की दर्या त्याला ओढतो, म्हणतात. दोष कबूल झाल्याशिवाय ती होडी पाण्यात लोटत नाहीत. म्हणून होडीचे वडीलधारे, आमा लेगा, दारात येऊन बसले.

"पोरी, सकाळी घरात काही बोलाचाली?"

गोरिसची आई कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्याची बायको बेने म्हणाली, "झाली. मीच त्याला नाही नाही ते बोलले."

होडी पुन्हा निघाली. बेने सुक्या माशांची पाटी घेऊन, बदल्यात मका आणायला डोंगरावरच्या बाजाराला जायची, तेव्हा बायका तिला ऐकवायच्या, "हिच्या जिभेला भाल्याहून धार गं बाई!"

मी शेजारीण. मधे बांबूची भिंत. एका दुपारी म्हातारीचा आवाज आला, "खोटं का बोललीस? तोंड तर मी सोडलं होतं. त्याने आपल्या बहिणीला माशाचा वाटा दिला नाही म्हणून 'मर एकदाचा' म्हणाले मी त्याला."

"आई, गावाचे टोमणे तुम्हाला सोसले नसते."

"मी सांगते आमा लेगाला."

"सांगून तो परत येणार आहे का?"

म्हातारी एकदा होड्या ठेवायच्या छपरापर्यंत गेलीसुद्धा. आमा लेगाला बघून तशीच माघारी आली. पुढच्या पावसाळ्यात ती वारली.

मी बेनेला म्हटलं, "आता तरी खरं सांगून टाक."

ती दगडावर मका ठेचत होती. "मेलेल्या माणसावर ढकलू?" म्हणाली. मग हात थांबला. "त्या सकाळी मी चकार शब्द बोलले नव्हते गं. आईंचं ते ऐकून तो निघाला, तेव्हाही अशीच मका ठेचत बसले होते. मान वर करून बघितलंसुद्धा नाही."

तिने पुढचा दाणा दगडावर ठेवला.