कॅमेऱ्यासमोर घेतलेलं नाव

आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे प्रताप नगरच्या गुंतवणुकीच्या ऑफिसात जाऊन बसणं. शेअर बाजाराचा नवा नियम लागणार होता, म्हणून तिथं नुसती धावपळ. भिंतीला पांढरी चादर ठोकलेली, डोळ्यावर येणारा मोठा दिवा, आणि एकेका जुन्या गिऱ्हाइकाला कॅमेऱ्यासमोर बसवत होते. आपल्यामागं पैसा कोणाला द्यायचा, हे ज्याचं त्यानं तोंडानं सांगायचं, नाही तर खातं अडकणार. खातं बायकोचं होतं. तिनं सरळ माझ्याकडं बोट केलं. "हे काय, इथंच तर बसले." ऑफिसातली पोरगी म्हणाली, "आजी, नाव बोला ना. इशारा नाही चालत आता." "काहून वं पोरी, नवऱ्याचं नाव घेते का कोणी? लग्नात घेतलं तेवढंच." मागं बसलेले लोक हसले. पोरगी काही हटेना. शेवटी बायकोनं डोक्यावर पदर घेतला, दिव्याकडं पाहिलं आणि माझं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. परतताना ऑटोत म्हणाली, "मी घेतलं. आता तुमी घ्या माहं." जन्मभर मी तिला 'अवं' म्हणूनच हाक मारली होती. म्हटलं, "मले कॅमेऱ्यासमोर बसवतीन तवा घेईन." ती हसली. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा निवला तरी ती उठली नाही. मी दोनदा 'अवं' म्हटलं. मग तिचं नाव घेतलं. शेजारचे येईपर्यंत घेतच राहिलो.