राजाला तीन, गुलामाला तीस

माझं लग्न पत्त्यांवर ठरलं असं मी सांगते, तेव्हा लोकांना वाटतं, बाई रंगवून सांगतेय. रंगवते मी. पण हे जसं घडलं तसं आहे.

सत्तरच्या दशकातलं सोलापूर. मला एकदम दोन स्थळं सांगून आली. अकलूजचा मुलगा साखर कारखान्यात हिशेबनीस, घरचा ऊस, दारात जीप. बार्शीचा मुलगा एसटीत कंडक्टर. अकलूजकरांनी मला अंगणात चालून दाखवायला लावलं. बार्शीकरानं चहाचा घोट घेतला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "लई गोड झालाय." तेवढ्यावर मी त्याची झाले! पण मला विचारतंय कोण? आई मनानं अकलूजला पोचली होती. अप्पा कुठंच पोचले नव्हते.

अशी अडचण आली की आमच्या गल्लीत शेजारच्या मावशींना बोलवायचे. त्या पत्ते मांडून भविष्य सांगत. राजा म्हणजे बूड स्थिर असलेला पुरुष, राणी म्हणजे किल्ल्या सांभाळणारी बाई आणि गुलाम म्हणजे दुसऱ्याच्या हुकमावर पळणारा, घरी न टिकणारा. हे अर्थ त्यांना सासूनं शिकवलेले. त्यात फरक होणार नाही.

मावशी रविवारी दुपारी आल्या. नेमका तो अप्पांच्या पत्त्यांचा, तीनशेचारच्या डावाचा वार. तिघे गडी येऊन बसलेले. त्यात मावशींच्या पत्त्यांना उंदीर लागलेला, म्हणून त्यांनी आमचाच कॅट घेतला आणि सतरंजीही अडवली. गडी कडेला सरकून बघत राहिले.

बदामची राणी मधोमध ठेवून मावशी म्हणाल्या, "ही तू." मग अकलूजच्या नावानं पत्ता काढला. चौकटचा राजा! आईनं हात जोडले. बार्शीच्या नावानं काढला. किलवरचा गुलाम.

"आता विचारायचं काय राहिलं?" मावशी म्हणाल्या. "राजा सोडून गुलामाच्या घरी कुणी पोरगी देतं व्हय?"

अप्पा मान डोलवायला लागले. ती मान पुरती डोलली असती, तर मी अकलूजला गेले असते. मी स्वयंपाकघराच्या दारातून थेट सतरंजीवर.

"अप्पा, गेल्या रविवारी डाव कशानं मारलात?"

"किलवरच्या..." अप्पा थांबले.

"गुलामानं!" एक गडी ओरडला. "माझा राजा खाल्ला की त्यानं!"

तीनशेचारात गुलाम सगळ्यांच्या वर. त्याला तीस गुण, राजाला फक्त तीन. दर रविवारी अप्पा तो गुलाम असा आपटायचे की शेजारची भांडी वाजायची.

"तो खेळ झाला," मावशी म्हणाल्या. "भविष्यात तसं नसतं."

"पण कॅट आमचा आहे, मावशी. आमच्या घरात हा गुलाम राजाला खातो."

मावशी कच्च्या नव्हत्या. "आणि तुमच्या घरात राणीला किती गं?"

"दोन."

गडी मांड्यांवर थापा मारून हसले. आईसुद्धा पदराआड हसली.

"दोनच," मी म्हटलं. "राजाशेजारी बसले तर पाच होतील, गुलामाशेजारी बत्तीस. सांगा, कुठं बसू?"

आता सगळे अप्पांकडे बघायला लागले. राजा मोठा म्हणावं, तर गडी त्यांना पुन्हा गुलाम आपटू देणार नव्हते. अप्पांनी राजा उचलला, गुलाम उचलला, दोन्ही निरखले आणि राजा कॅटमध्ये सारला.

"बार्शी," ते म्हणाले.

"अहो!" आई म्हणाली.

"अगं, तीसचा पत्ता हातात आलाय, सोडू कसा?" अप्पा उठून टोपी शोधायला लागले. "उद्याच जाऊन येतो. बार्शीला गाडी कुठली बरी पडेल?"

"वैरागवरून जाणारी सकाळची," मी म्हटलं. "टेंभुर्णीकडची घेऊ नका, फार फिरवते. आणि मागं बसू नका, धक्के बसतात."

आईनं माझ्याकडे वळून पाहिलं. "तू कधी गं गेलीस बार्शीच्या गाडीनं?" मी पत्ते गोळा करायला घेतले.