काचपेटीतलं हिरवं पाणी

जालन्याच्या शाळेत मास्तर झालो त्या वर्षाची आठवण काढली, की आधी नाकात शेवाळाचा वास येतो. नखांच्या कडांना आणि सदऱ्याच्या बाहीला चिकटून बसलेला, साबणानेही न जाणारा.

ती काचपेटी माझी नव्हती, वकीलसाहेबांची होती. आमच्या घरात माझ्या आधी कुणी शाळा पाहिली नव्हती. घनसावंगीकडच्या आमच्या गावातून मला जालन्याला आणलं ते वकीलसाहेबांनी. त्यांच्या घराच्या मागच्या खोलीत राहून मी शिकलो, उर्दू त्यांच्यापुढे बसून घोटली, आणि हैदराबादला जाऊन बी. ए. झालो तोही त्यांच्याच आधारावर. त्यांची बायको फार पूर्वी वारली होती, मूलबाळ नव्हतं. संध्याकाळी कोर्टातून आले, की शेरवानी खुंटीला लावून ते काचपेटीसमोर खुर्ची ओढून बसत. हैदराबादहून रेल्वेने आणलेले चार सोनेरी मासे, एवढाच त्यांचा संसार होता.

पोटाचं दुखणं वाढलं तेव्हा त्यांना हैदराबादच्या इस्पितळात जावं लागलं. चिरफाड होणार होती. जायच्या आदल्या दिवशी हमालाच्या डोक्यावरून पेटी माय, बायको आणि मी राहत होतो त्या भाड्याच्या बिऱ्हाडात आली.

"मास्टरसाहेब," मला नोकरी लागल्यापासून ते थट्टेने असंच म्हणत, "हे चौघे तुमच्या हवाली. परत आलो, तर ह्यांना बघूनच घरी आल्यासारखं वाटेल."

त्यांनी 'तर' म्हटलं ते माझ्या मनातून जाईना. मासे जगले तर साहेब जगतील, असं काही मी शिकलेला माणूस मानत नव्हतो. पण मासे मेले तर त्यांना काय तोंड दाखवायचं, हे मला कळत नव्हतं.

महिन्याभरात काचेवर हिरवी साय धरली. मग पाणीच हिरवं झालं आणि मासे दिसेनासे झाले. शाळेतून दमून यायचं, काथ्याचा बोळा घेऊन काच घासायची, तांब्याने पाणी उपसायचं, आडाचं पाणी शेंदून रात्रभर घागरीत निववून सकाळी भरायचं. आठवड्यात पुन्हा तेच. उन्हाने शेवाळ वाढतं म्हणून खिडकीजवळची पेटी आतल्या भिंतीशी नेली, वर गोणपाट टाकलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

मग एक मूर्खपणा केला. पिण्याचं पाणी गढूळ आलं की आपण घागरीत तुरटी फिरवतो. तशी ती पेटीत फिरवली. पाणी सकाळपर्यंत निवळलं खरं, पण एक मासा उताणा तरंगत होता.

बायको म्हणाली, "अहो, पोरांच्या वह्या तशाच पडल्यात. शाळेत सांगून टाका, मास्तर मासे राखून राह्यलेत म्हणून."

मला हसूही आलं नाही.

पुढे कापूस वेचणीला माय गावाकडे गेली. ती असेपर्यंत आठवड्याला हिरवं होणारं पाणी ती गेल्यावर स्वच्छच राहिलं. तिन्ही मासे काचेशी येऊन तोंड उघडझाप करताना दिसू लागले. एकदा तळाची वाळू हाताने चाळवली, तर खालून आंबलेल्या कणकेचा लगदा वर आला. तेव्हा कुठे उमगलं.

मायचं माहेर जांबेकडचं. रामाचं नाव घेऊन कणकेची गोळी वळायची आणि गंगेच्या डोहात माशांना घालायची, ही तिथल्या बायकांची रीत. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. लिहितावाचता येणारे गोळीत रामनामाची चिठ्ठी घालतात; मायला अक्षर येत नव्हतं, म्हणून ती एकेका गोळीला एकेक नाव घ्यायची. मी शाळेत गेलो, की वकीलसाहेबांच्या जिवासाठी परातभर गोळ्या ती पेटीत सोडत होती. मासे खाऊन खाऊन किती खाणार? उरलेलं तळाशी सडत होतं आणि त्यावर शेवाळ माजत होतं.

ती परत आल्यावर चार दिवस मला बोलायचा धीर झाला नाही. शेवटी परात घेऊन बसली तेव्हा म्हणालो, "माय, ह्या गोळ्यांनीच पाणी नासून राह्यलंय. मासे मरतील."

"गोळीनं कुठं मासा मरतो व्हय? गंगेत पिढ्यान्‌पिढ्या घालून राह्यलो आम्ही."

"गंगा वाहती. हे कोंडलेलं पाणी. तू मोतीतलावावर जाऊन घाल ना."

"तळ्यातल्या माशांला साहेब ठाऊक हायती का? ह्यांनी त्यांचं मीठ खाल्लं." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तूबी खाल्लंस. तू काय करून राह्यलास त्यांच्यासाठी?"

काथ्याचा बोळा माझ्या हातात होता. तो मी तिला दाखवला.

तिने परात बाजूला सारली. म्हणाली, "मंग किती घालू?"

"एक. ज्वारीच्या दाण्याएवढी."

"एकीत कसं मावंल इतकं नाव?"

दुसऱ्या दिवशी मी शाळेत निघालो तेव्हा ती पेटीसमोर बसून एकच बारकी गोळी दोन बोटांत फिरवत होती. ओठ हलत होते. बायकोने सांगितलं, ऊन अंगणाच्या मध्यावर येईपर्यंत ती तीच गोळी वळत बसली आणि मग पाण्यात सोडली. उरलेली कणीक शेजारच्या गाईला. पुढे रोज हेच. माझं घासणं आठवड्यावरून पंधरवड्यावर गेलं, पण थकवा काही गेला नाही. हैदराबादची बातमी कधी बरी, कधी वाईट यायची.

उन्हाळ्याच्या तोंडाला वकीलसाहेब आले. शेरवानी अंगावर लोंबत होती. स्टेशनावरून टांगा आधी आमच्या दारात थांबवला. आत येऊन पेटीपुढे बसले आणि काचेवर बोट टेकवलं. मासे बोटामागे फिरू लागले.

"एक गया," एवढंच म्हणाले.

मी तुरटीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. "बाकीचे तबियतीने आहेत. माझ्यापेक्षा बरे."

तेवढ्यात माय आतून आली. डोक्यावरचा पदर सावरत तिने त्यांच्यापुढे परात ठेवली. काठोकाठ गोळ्या. त्यांचं येणं कळल्यापासून वळत बसली असणार.

"साहेब, आता हात लावा. रामानं तुम्हाला राखलं, त्याचं हाय हे."

वकीलसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी पेटीवरचं गोणपाट बाजूला केलं. त्यांनी मूठ भरली आणि पाण्यात सोडली. मायने दुसरी सोडली. पाणी ढवळलं, मासे वेड्यासारखे वर आले. दोघंही हसत होते. त्यांना हसताना मी कितीतरी दिवसांनी पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी पेटी त्यांच्या घरी गेली. रविवारी मी तिकडे गेलो, तेव्हा काच हिरवी झालेली होती आणि ते तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले होते. मी बाह्या वर सारल्या आणि काथ्या मागितला.