भाईसर एकही दिवस गाळत नसत

रविवार, नऊ नोव्हेंबर. भाईसरांचं टेबल आवरायचं आणि डॉलरच्या भावाचा अंदाज बांधणाऱ्या त्यांच्या मॉडेलचं अर्धवट राहिलेलं काम पुरं करायचं, एवढ्यासाठी मी सुट्टीच्या दिवशी पनवेलच्या आमच्या ऑफिसात आले. सर शुक्रवारी पहाटे गेले. दुपारच्या नमाजनंतर दफन झालं. मी सरांच्या घरी जाऊन त्यांच्या पत्नीजवळ, भाभींजवळ बसले. रडू आलं नाही. आजही येत नव्हतं.

सर मूळचे उरणचे, बँकेतून निवृत्त होऊन आमच्याकडे आलेले. कॉम्प्युटरपेक्षा त्यांचा भिंतीवर जास्त विश्वास. डॉलरच्या भावातल्या रोजच्या चढउताराचा आलेख छापून ते समोर चिकटवत आणि कोरा चहा घेऊन त्याच्यापुढे बसून राहत. "शांत दिवस गटानं येतात, भडकलेलेही गटानंच येतात. हे आधी डोळ्यांना दिसू दे, ताई, मग मॉडेल बसवा." नव्याने कामाला लागलेल्यांना वाटे, सर वेळ काढताहेत.

कधीकधी सॉफ्टवेअर लाल अक्षरांत कळवतं की उत्तर सापडलं नाही. मग आम्ही सुरुवातीचे आकडे बदलत बसायचो, काहीतरी निघेपर्यंत. सर येऊन माउस काढून घेत. "ते नाही म्हणालं ना? नकार आलेल्या घरी परत कांदेपोहे खायला जाता का तुम्ही?" आणि दुसरं, साधं मॉडेल लावायला सांगत.

उरणजवळच्या द्रोणागिरीचे एक आयातदार आमचे सगळ्यात मोठे ग्राहक. डॉलर किती उसळू शकतो याचा अंदाज ते आमच्याकडून घेत आणि त्यानुसार पैसे राखून ठेवत. या वेळी अंदाज फार मोठा आला. ग्राहक नाराज होईल म्हणून मालकांनी सरांना सांगितलं, मधले भडकलेले दिवस अपवाद समजून गाळा. मी तिथेच होते. सर शांतपणे म्हणाले, "साहेब, माणूस बुडतो तो त्याच दिवसांत. एरवी कुणालाही पोहता येतं." हा ग्राहक गेला तर ऑफिसला कुलूप लागेल, असं मालक म्हणाले. सरांनी तरीही दिवस गाळलेल्या अहवालावर सही केली नाही. त्याच आठवड्यात ते गेले.

रविवारी दुपारी मालकांचा फोन आला. आधी सरांबद्दल हळहळले, मग मुद्द्यावर आले. "आता सही तुमचीच, मॅडम. ते दिवस तेवढे काढा आणि उद्या सकाळी द्या." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. घराचे हप्ते चालू आहेत, आणि माझ्या वयाला पनवेलमध्ये हे काम दुसरं कोण देणार?

मॉडेल दोन्ही प्रकारे चालवून पाहिलं. दिवस गाळल्यावर ते फारच सुरेख बसलं, आकडाही मालकांना हवा तसा आला. मी पडद्याकडे पाहत राहिले. मान वळवून भिंतीवरचा आलेख पाहिला; भडकलेले दिवस तिथे तसेच होते. मग सरांचा चष्मा, टोपी आणि खडीसाखरेची डबी भाभींसाठी पिशवीत भरली आणि दिवे बंद केले.

सोमवारी सकाळी सगळे दिवस ठेवलेल्या अहवालावर सही करून तो मालकांपुढे ठेवला. त्यांनी थेट शेवटचं पान उघडून आकडा पाहिला. मी म्हटलं, "ग्राहकाला समजवायला मीच जाते." त्यांच्या उत्तराची वाट न बघता दुसरी प्रत पर्समध्ये घातली आणि उरणची एसटी धरली.