अक्षरांवरच्या लाटा

या, असे जवळ बसा. तो फोन आधी पालथा ठेवा. महिनोन् महिने फिरकत नाही आणि आलात की लक्ष चपलांकडे. आमचे सर बसायचेच नाहीत, पण दारात उभे राहून तासभर बोलायचे. "सापडलेलं नाही, इतकंच," म्हणत छत्रीचं टोक उंबऱ्यावर आपटायचे.

सदाशिव पेठेत माझं टायपिंगचं दुकान होतं. शाळा नववीपर्यंत, पुढचं शिकले ते लोकांचे प्रबंध टाइप करता करता. सर पदार्थविज्ञानाचे, लेख माझ्याकडून टाइप करून घ्यायचे. निसर्गातल्या प्रत्येक मूलकणाला एक जड जोडीदार असला पाहिजे, याचं गणित ते आयुष्यभर मांडत राहिले. जोडीदार एकही कुणी पाहिलेला नव्हता.

पहिल्याच लेखात मी घोळ घातला. काही अक्षरांच्या डोक्यावर सरांनी बारीक लाट काढलेली. मला वाटलं, बसमध्ये लिहिलं असेल, हात हलला. सगळ्या लाटा गाळून पानं स्वच्छ करून दिली. सरांनी चष्मा काढला.

"अहो बाई, लाट असलेलं अक्षर म्हणजे जोडीदार. अर्धं विश्व गाळलंत तुम्ही."

"मशीनवर लाट नाही, सर."

"मग हाताने काढा."

तेव्हापासून काळ्या पेनाने किती लाटा काढल्या, देव जाणे.

मग पेठेत गल्लोगल्ली कॉम्प्युटरचे क्लास निघाले. सरांचा सगळ्यात हुशार विद्यार्थी सॉफ्टवेअर कंपनीत लागला. पेढे द्यायला आला तेव्हा सर दुकानातच होते. पेढा खाऊन म्हणाले, "पेढा उत्तम. कंपनीत जोडीदार दिसला तर कळवा."

पुढे परदेशात ते प्रचंड यंत्र सुरू झालं, कणांवर कण आपटणारं. तिथेही जोडीदार दिसेनात. निवृत्त झालेले सर शेवटचा लेख घेऊन आले, मागोमाग तोच विद्यार्थी, आता टक्कल पडलेला. त्याचं म्हणणं, सरांनी 'मी चुकलो' असं लिहून मोकळं व्हावं, लोक हसतात.

सरांनी लेख उघडून दाखवला. दोन पानांवर त्यांनी स्वतःच आडव्या रेघा मारल्या होत्या.

"यंत्राने जिथवर शोधलं, तिथवर नाहीत. तेवढं मी खोडलंय. पुढे यंत्रच गेलेलं नाही, मग मी का मागे फिरू?"

टाइप करून झालं. मी लाटा काढत शेवटच्या पानाशी आले आणि सर वारले.

विद्यार्थी आता त्यांचे लेख पुस्तकात एकत्र करतोय. मला म्हणाला, हा शेवटचा नको घ्यायला, मावशी, सरांचीच शोभा होईल. मी म्हटलं, "सापडलेलं नाही, इतकंच. हा नाही, तर माझ्याकडचा एकही मिळणार नाही." आता तो घेणार आहे.

पण शेवटचं पान अजून लाटांवाचून तसंच आहे. आता माझाच हात हलतो, लाट भलतीकडेच जाते. तुमचे डोळे चांगले, हातही स्थिर आहे. परत लवकर या. येताना बारीक टोकाचं काळं पेन आणा.