झुंबरबाईचं तिसरं कडवं

मी रेडिओ मेकॅनिक होतो, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे मला कोणी भोळा समजणार नाही. अमरावतीत अंबागेटच्या आत आमचं रिपेरीचं दुकान होतं. "बंद रेडिओतून बाई रडते," अशा तक्रारी घेऊन लोक यायचे, अगदी शिकलेले लोकसुद्धा. मी मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढायचो... आत कधी वाळलेली पाल निघायची, कधी ढिला झालेला कंडेन्सर. बाई काही कधी सापडली नाही. त्यामुळे असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं छातीठोक सांगता येत नाही. पण सदुसष्ट सालच्या हिवाळ्यात जे झालं, ते मी कोणत्याही झाकणामागे शोधू शकलेलो नाही.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि एका ऑर्केस्ट्रामध्ये बेस गिटार वाजवायचो. वाजवायचो म्हणजे — आधी ती बनवावी लागली. एका इंग्रजी मासिकात मी चार तारांच्या त्या गिटारचा फोटो पाहिला आणि झपाटलो. विकत मिळायचा प्रश्नच नव्हता. ओळखीच्या सुताराकडून सागवानाचं अंग आणि लांब दांडी करून घेतली. तारा एका मोडक्या पियानोच्या. जुन्या हेडफोनमधली लोहचुंबकं काढून त्यांच्यावर केसाएवढी बारीक तांब्याची तार स्वतः गुंडाळली, हजारो वेढे. ॲम्प्लिफायर रेडिओच्याच व्हॉल्व्हचा. दहा इंची स्पीकर देवदाराच्या खोक्यात बसवला. खालचे सूर जोरात लावले की त्याचा पडदा फाटायचा, मग सरस आणि पातळ कागद लावून पुन्हा चालू. पण ती पहिली जाड तार छेडली की दुकानाच्या फळीवरचे स्क्रू थरथरायचे... मला त्यापेक्षा मोठं सुख माहीत नव्हतं.

आमचा लीडर दिगंबर. ॲकॉर्डियन वाजवायचा, बरा वाजवायचा, आणि माझ्या बेसचा मनापासून द्वेष करायचा. "तुह्या त्या खोक्यानं माह्ये सूर गिळून टाकले ना बे," असं तो सगळ्यांसमोर म्हणायचा. प्रोग्रॅममध्ये मला मागे, ढोलकच्याही मागे बसवायचा. एकदा तर चालू गाण्यात त्याने माझ्या ॲम्प्लिफायरचा प्लग पायाने काढला. त्यात मी गाणी लिहायच्या मागे लागलो, तेव्हा तर तो आणखीच चिडला.

मी लिहिलेली पहिली चार-पाच गाणी टाकाऊ होती, हे मीच सांगतो. सहावं मात्र वेगळं होतं. एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मी बेस लावून बसलो होतो. बोटं आपोआप चार सुरांवर गेली. वरून खाली उतरणारे तीन, मग चौथ्यावर थांबा, आणि पुन्हा तेच. मी दुसरं काही वाजवायला जायचो, बोटं तिथेच परत यायची. आणि त्याबरोबर मला राग यायला लागला. कोणाचा, कशाचा, काही कळेना. दात आवळले गेले होते. घसा असा कोरडा पडला की मी माठाजवळ उभा राहून दोन तांबे पाणी घटाघटा प्यायलो. पाण्याने राग गेला नाही. पण परत येऊन बसलो तर शब्द समोर तयार —

झुंबरबाई, झुंबरबाई, इतकी घाई काय?
रांजणातलं पाणी सरलं, येते म्हणते माय.

आणि मागोमाग दुसरं —

झुंबरबाई, झुंबरबाई, खिडकी लाव ना,
ऊन आलं पायापाशी, सावली दाव ना.

वरून चाल अशी नाचरी, की पोरं पहिल्याच ओळीला टाळ्या धरतील. खालून बेस मात्र जड, कोणी दारावर मुठी आपटाव्यात तसा. झुंबरबाई हे नाव मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. सुचलं म्हणून लिहिलं. तिसरं कडवं मात्र काही केल्या येईना. दोन महिने डोकं आपटलं. शेवटी दोनच कडवी ठेवून गाणं बसवलं.

लोकांना ते आवडलं. अमरावतीत तीन कार्यक्रमांत वन्स मोअर मिळाला, आणि दिगंबरला ते गाणं गिळावं लागलं. मला मात्र ते वाजवताना प्रत्येक वेळी तोच राग, तोच कोरडा घसा. स्टेजवर मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवायला लागलो. रेडिओवाल्याच्या डोक्याने मी ठरवलं, की व्हॉल्व्हच्या उष्णतेचा परिणाम असणार.

मग अकोल्याच्या एका कॉलेजच्या स्नेहसंमेलनाचं बोलावणं आलं. दुपारी तीनचा कार्यक्रम, मैदानात मांडव, समोर पाच-सहाशे पोरंपोरी. आमचं चौथं गाणं झुंबरबाई. पहिलं कडवं झालं, टाळ्या सुरू झाल्या, आणि मुलींच्या रांगेतून कोणीतरी ओरडलं, "बंद करा!"

आधी सगळ्यांना वाटलं, थट्टा आहे. पण ती मुलगी सरळ चालत स्टेजपाशी आली. अठरा-एकोणीस वर्षांची, पांढरं पातळ, चेहरा संतापाने काळानिळा. वाद्यं आपोआप थांबली. माझी तार तेवढी घुमत राहिली.

"कोणी लिहिलं हे?"

दिगंबरने बोटाने मला दाखवलं. उशीर नाही केला.

"खोटं," ती माझ्याकडे पाहत म्हणाली. "माह्या भावाचं गाणं आहे हे. तुमी चोरलं. कोणाकडून ऐकलं ते सांगा."

मी म्हणालो, "ताई, मी कोणाकडूनच ऐकलं नाही. मलाच सुचलं."

"झुंबरबाई मी आहे!" ती किंचाळली. "लहानपणी मोठ्ठे झुमके घालायची म्हणून दादा मले म्हणायचा. घरातल्या चौघांशिवाय कोणाले माहीत नाही हे नाव. कसं सुचलं तुमाले?"

प्राध्यापक मंडळी धावली. पोरं हुर्यो करायला लागली, कोणीतरी "चोर! चोर!" सुरू केलं. दिगंबरने माईक हातात घेऊन सगळ्यांदेखत सांगितलं, "मी पहिल्यापासूनच म्हणत होतो. याच्या बापजन्मात असं गाणं याले लिहिता येणार नाही." कार्यक्रम तिथेच संपला. आमच्या ढोलकवाल्याने, ज्याच्याबरोबर मी रोज जेवायचो त्याने, माझ्याकडे पाठ करून वाद्यं बांधायला घेतली.

मांडवामागे तिने मला पुन्हा गाठलं. नाव कुसुम. आता ती ओरडत नव्हती, पण ते जास्त वाईट होतं.

"आठ वर्षं झाली," ती म्हणाली. "मे महिना होता. दादाची वकिलीची परीक्षा होती आणि तो गाणी करत बसायचा, म्हणून बाबांनी त्याले वरच्या टिनाच्या खोलीत कोंडलं. माय मामाकडे गेली होती. बाबा कोर्टात. दुपारी दादा पाणी मागायला लागला. बाबा जाताना म्हणाले होते, किल्ली खुंटीवर आहे. पण खुंटीवर नव्हती. मी दहा वर्षांची होती. मले वाटलं, माह्याच हातून कुठंतरी पडली. घरभर शोधली... मी रडत होती तर दादानं दाराआडून हे गाणं म्हटलं. दोन कडवी. मग आवाज आलाच नाही."

संध्याकाळी वडील आले तेव्हा त्यांनी पहारीने दार तोडलं. उन्हाने जीव गेला होता. किल्ली पोरीने हरवली असं तेव्हापासून घरात ठरलं ते ठरलंच.



"तुमच्याकडे हे गाणं आलं," कुसुम म्हणाली, "म्हणजे त्या दुपारी खिडकीखाली कोणीतरी उभं राहून ऐकत होतं. तर मग त्यानं दार काहून नाही तोडलं? त्याचं नाव सांगा. माह्या बाबांसमोर सांगा."

तिच्या रागाचं खरं कारण तेव्हा मला कळलं. मी गेलो. नाव सांगायला माझ्याकडे नव्हतंच, पण न जाणं म्हणजे चोरी कबूल करणं झालं असतं. मजा बघायला दिगंबरही आला.

घर स्टेशनकडच्या बाजूला, दुमजली. कुसुमचे वडील, वकीलसाहेब, ओसरीवर खुर्चीत बसले होते. मुलीने सांगितलेलं सगळं त्यांनी न हलता ऐकलं. मला बसा म्हणाले नाहीत. आतल्या दाराशी कुसुमची आई येऊन उभी राहिली. डोक्यावरून पदर, हात पिठाचे.

"त्या साली कुठे होतात?" वकीलसाहेबांनी उलटतपासणी सुरू केली.

"शेंदूरजनाघाटला. मॅट्रिकला होतो."

"अकोल्यात नातेवाईक?"

"कोणी नाही. त्याआधी अकोल्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं."

"गाण्याची कडवी किती?"

"दोन."

"तिसरं काहून नाही केलं?"

"सुचलं नाही."

ते हसले. ते हसणं मी विसरलेलो नाही. "सुचणार कसं? ज्याचं चोरलं, त्याच्याजवळच दोन होती. चोराची धाव तेवढीच. आमच्या मेलेल्या पोराच्या नावावर नाचगाणं करून राहिले तुमी. निघा."

मागे दिगंबर फिसकन हसला. मला असा संताप आला... दुकानात यायचा तोच, पण दसपट. जीभ टाळूला चिकटली. मी पाणी मागितलं, कोणी हललं नाही. तोंडावर सुनवायचं म्हणून मी तोंड उघडलं. काय सुनवणार होतो ते मला आजही आठवतं — "तुमची वकिली कोर्टात ठेवा," असं काहीतरी. पण बाहेर पडलं ते वेगळंच, आणि चालीवर —

झुंबरबाई, झुंबरबाई, किल्ली शोधू नको,
काळ्या कोटात गेली ती, तू उगी रडू नको.

ते मी रचलं नाही. म्हणत असताना माझं मलाच ते पहिल्यांदा ऐकू येत होतं.

वकीलसाहेब उभे राहिले. शाईची दौत त्यांच्या हाताशी होती, ती त्यांनी माझ्यावर फेकली. कानाजवळून जाऊन भिंतीवर फुटली. "कोणी पाठवलं याले? कोण आहे हा? बाहेर काढा!"

कुसुम जागची हलली नाही. "बाबा," ती म्हणाली, "किल्ली कोटात होती?"

"तू आत जा."

"कोटात होती का?"

"आत जा म्हणतो ना!"

तेवढ्यात दारातून आई बोलली. आवाज इतका साधा, की जणू भाजी संपली असं सांगत होती. "होती. दहाव्याच्या आधी कोट धुवायले काढला, तवा माह्या हातात पडली."

कुसुम आईकडे वळली.  "आणि मले आठ वर्षं..." एवढंच म्हणाली.

आईने पिठाचे हात पदराला पुसले आणि खाली बघितलं. वकीलसाहेबांनी माझा दंड धरून मला पायऱ्यांवरून ढकललं आणि दार लावून घेतलं. आत काय झालं, मला माहीत नाही. बाहेर ऐकू काहीच आलं नाही.

 परतीच्या एसटीत बडनेरा आल्यावर दिगंबर म्हणाला, "हे गाणं आपल्या पार्टीत पुन्हा वाजायचं नाही. आणि तूही नको." माझं चोर हे नाव त्याने कधी खोडून काढलं नाही. त्या ओसरीवर तो स्वतः हजर होता, तरी पुढे कोणी विचारलं की म्हणायचा, "मी बाहेर होतो. मले काही ऐकू आलं नाही."

मी माझ्या परीने तपास केला. त्यांच्या गल्लीतलं कोणी अमरावतीत आलं होतं का, कुसुमच्या भावाची एखादी वही कुठे गेली का, त्याचे मित्र कोण... एकही धागा आमच्या दुकानापर्यंत आला नाही. आणि समजा दोन कडवी कोणी ऐकली, कोणाच्या तोंडून माझ्यापर्यंत पोचली. तिसरं? ते त्याने मोठ्याने म्हटलंच नव्हतं. कदाचित बाबांना किल्ली कोटाच्या खिशात टाकून जाताना त्याने खिडकीतून पाहिलं असेल, आणि म्हणायच्या आतच आवाज संपला असेल. हा माझा अंदाज. अंदाजापुढे मी जाऊ शकत नाही. त्या दिवसानंतर मला तो राग आला नाही, आणि गाणंही एक सुचलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात कुसुम एकदा दुकानात आली. घर सोडून ती अमरावतीत मास्तरणीच्या ट्रेनिंगला आली होती, मैत्रिणीकडे राहत होती. मला वाटलं, आता दोन शब्द बरे बोलेल. मी स्टूल पुढे केलं. ती बसली नाही. काउंटरच्या पलीकडेच उभी राहिली. डोळ्यांत तोच मांडवातला राग, तसूभर कमी नाही.

"एकच विचारायले आली," ती म्हणाली. "तुमाले ते तिसरं कडवं आधी काहून नाही सुचलं?"

मी काही बोलायच्या आत ती रस्त्याला लागली होती.